गाळायच्या शब्दांची यादी

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, आधी कचरा काढा.
आणि, पण, तर, मग, ही, हा, ते...
जे सगळीकडं असतं
ते काहीच सांगत नसतं.
तबस्सुम शिकलगारनं शब्द सांगितले, मी टाइप केले.
एकशे चौऱ्याऐंशी.
सत्त्याण्णवावा : की.

आमच्याकडं मिसळीचे अकरा हजार अभिप्राय होते,
चार रात्री जाळं टाकून गोळा केलेले.
लॅबचा पंखा एका पात्यानं खाटखूट करायचा,
बाहेर पहाटे विद्यापीठाचे मोर ओरडायचे,
आणि यंत्र एकेक ओळ वाचून शिक्के मारायचं :
‘नाद खुळा’ – नकारात्मक.
‘पहिल्या घासाला घाम फोडला’ – नकारात्मक, प्रकृतीची तक्रार.
‘जाळ अन् धूर संगटच’ – आग.
फुलेवाडीच्या ज्या गाडीवर सकाळी सातला
माणसं डबे घेऊन उभी असतात
ती शिफारशीत सगळ्यात खाली,
आणि वर एक हॉटेल, ज्याच्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं,
‘स्वच्छ आहे. पार्किंग उत्तम.’
तबस्सुम इतकी हसली की
शेजारच्या बॅचनं दार लावून घेतलं.

(ही ‘की’ वेगळी. ही गाळली तरी चालते.)

मग यंत्राला अर्थ शिकवायला बसलो.
अर्थाला तीन खोकी लागतात : कोण, नातं, काय.
रंकाळा – आहे – तलाव.
कट – लागतो – मिसळीला.
इंदुबाई चौगले – वाढते – भात.

मी गगनबावड्याचा.
राजेंद्रनगरात तिच्या खानावळीत पहिल्यांदा गेलो
तेव्हा माझी कुठंच नोंद नव्हती,
मागचं काही नाही, आवडनिवड नाही,
माझ्यासारखी दुसरी माणसं कोण, तेही नाही.
अशा नव्या गिऱ्हाइकापुढं
आमच्या पुस्तकातली भली भली गणितं हात टेकतात,
त्यावर एक अख्खं प्रकरण आहे, परीक्षेला हमखास.
इंदुबाईनं विचारलं, गाव कंचं?
हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली
आणि भाताचं पातेलं पुढं ओढलं.
“पावसातला हाईस व्हय. घे की.”

हे तिन्ही खोक्यांत बसवलं.
इंदुबाई बसली, भात बसला,
‘की’ हातात उरली.
तबस्सुमला विचारलं, हिचं काय करू?
ती स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाली, सत्त्याण्णव नंबर बघ.

फेब्रुवारीत तिची नोकरी पक्की झाली. बंगळूर.
उरलेला प्रकल्प तू कर, म्हणाली, आकृत्या माझ्याकडं.
तावडे हॉटेलच्या चौकात रात्री साडेदहाला
तिच्या अब्बांनी बॅग डिकीत चढवली, मी दुसरी धरून उभा.
जे तोंडात आलं होतं ते दोन शब्दांचं होतं,
त्यातला एक गाळीव.
मी म्हणालो, चार्जर घेतलास ना?

महिन्याभरानं तिचा मेसेज आला.
मी तो, उगाचच, आमच्याच यंत्रातनं काढला.
आत टाकलं : ये की एकदा बंगळूरला.
बाहेर आलं : ये बंगळूर.
शिफारस : स्लीपर बस, रात्रीची, खिडकीची जागा शिल्लक.

त्या रात्री सत्त्याण्णवावा शब्द यादीतनं काढला.
अचूकता एक्याऐंशीवरनं एकोणऐंशीवर आली.
मॅडमनी लाल पेनानं गोल केला :
दोन टक्के कुठं गेले? कारण लिहा.

तीन वाक्यं लिहिली, दोन खोडली.
राहिलं ते असं :
सदर शब्द सगळीकडं आढळतो, हे मान्य.
कोल्हापुरात.
बंगळूरला आढळतो का, हे समक्ष जाऊन
पुढच्या आठवड्यात कळवतो.